पावातला पाचवा घटक

२० जून २०१६ रोजी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अन्नात मिसळण्यास परवानगी असलेल्या पदार्थांच्या यादीतून एक नाव वगळले. ते नाव होते पोटॅशियम ब्रोमेट. तोवर देशातील ब्रेडमध्ये हे रसायन दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत वापरण्याची मुभा होती. त्याआधी जेमतेम चार आठवडे, २३ मे रोजी, दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ या संस्थेने आपल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले होते. दिल्लीच्या बाजारातून ब्रेड, पाव, बन, बर्गर आणि पिझ्झा यांचे ३८ नमुने घेण्यात आले होते. त्यांपैकी ३२ नमुन्यांत, म्हणजे ८४ टक्क्यांत, पोटॅशियम ब्रोमेट, पोटॅशियम आयोडेट किंवा ही दोन्ही रसायने आढळली होती. त्या आठवड्यात देशभर एकच प्रश्न विचारला गेला : पावात असते तरी काय?

हा प्रश्न महाराष्ट्राला आणि गोव्याला नवा नव्हता. ‘विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटला’ ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पाव पायांनी तुडवून मळतात, म्हणूनच त्याचे नाव पाव, अशीही एक समजूत होती. वास्तविक हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोकणी-मराठीत आला आणि पाव भाजणारा ‘पोदेर’ही त्याच वाटेने आला. पण व्युत्पत्तीने भय शमत नसते. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करू इच्छिणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन तोडल्याची ती कसोटी होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापवली आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. भट्टीतून निघालेल्या पदार्थाबद्दल तेव्हा विचारले जाई ते एवढेच, की त्याला हात कोणाचा लागला. त्यात काय घातले आहे आणि घातलेल्या प्रत्येक वस्तूचे काम काय, हे कोणी विचारत नव्हते. आणि तसे विचारले असते तरी उत्तर देणारी साधने त्या काळी फारशी उपलब्ध नव्हती.

आज ती साधने आहेत. घरी ब्रेड करू पाहणाऱ्याला पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण या चार वस्तू पुरतात. मग पाचवी वस्तू कोठून आली, कशासाठी आली आणि ती काढून टाकता कशी आली? याचे उत्तर या चौघांच्या कामात दडलेले आहे.

पिठापासून आरंभ करू. इटलीतील बोलोन्या येथे याकोपो बेक्कारी या विद्वानाने १७२८ मध्ये गव्हाच्या पिठाचे दोन भाग करून दाखवले. मळलेला गोळा पाण्यात धुतला की पांढरा स्टार्च वाहून जातो आणि हातात चिवट, ताणता येणारा लगदा उरतो. हेच ग्लुटेन. आजही कोणत्याही स्वयंपाकघरात नळाखाली हा प्रयोग दहा मिनिटांत करता येतो. ग्लुटेनमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारची प्रथिने असतात. ग्लायडिनमुळे कणीक पसरते, ग्लुटेनिनमुळे ती ताणल्यावर मागे येते. पुरणपोळीची कणीक सैल भिजवून, तेल-पाण्याच्या हाताने तिंबून झाकून ठेवतात ती तिचा ताण मोडून पसरटपणा वाढवण्यासाठी. ब्रेडला मात्र दोन्ही गुण हवेत. फुगणाऱ्या वायूला वाट देण्याइतकी कणीक पसरली पाहिजे आणि तो वायू कोंडून धरण्याइतकी ती चिवटही राहिली पाहिजे. ज्वारी-बाजरीत असे जाळे तयार करणारी प्रथिने नाहीत. म्हणून भाकरीसाठी पिठात कढत पाणी घालून स्टार्चलाच चिकट करावे लागते आणि तरीही ती थापावी लागते, लाटता येत नाही.

भारतीय गव्हाच्या या गुणाचा पद्धतशीर अभ्यास बिहारमधील पुसा येथे सुरू झाला. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ दांपत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तेथे गव्हाचे वाण निवडले आणि त्यांचे नमुने दळण्याच्या व भाजण्याच्या चाचण्यांसाठी इंग्लंडला पाठवले. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ हे त्या कामातून पुढे आलेले वाण. १९३४ च्या भूकंपानंतर ही संस्था दिल्लीला आली आणि ‘पुसा’ हे नाव बिहारमधून राजधानीत येऊन स्थिरावले. महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हे काम पुढे चालवले. तिचा ‘एमएसीएस ६४७८’ हा वाण सुमारे ११० दिवसांत तयार होतो आणि त्यात सुमारे १४ टक्के प्रथिन असते. साताऱ्याच्या करंजखोप गावातील शेतकऱ्यांच्या अनुभवामुळे २०२१ मध्ये तो राष्ट्रीय बातमीचा विषय झाला होता. पिठाच्या पुडीवर गव्हाचा वाण सहसा छापलेला नसतो; परंतु त्या पिठाचा ब्रेड किती फुगेल, याचा बराचसा निर्णय शेतातच झालेला असतो.

दुसरा घटक पाणी. प्रथिने भिजल्याशिवाय ग्लुटेनचे जाळे बनत नाही, एवढेच त्याचे काम नाही. दगडी चक्कीवर दळताना घर्षणाने स्टार्चचे काही कण तडकतात आणि तडकलेले कण अखंड कणांपेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषतात. कोंडाही पाणी ओढून घेतो. म्हणून शंभर ग्रॅम मैद्याला साठ-पासष्ट ग्रॅम पाणी पुरते तेथे चक्कीच्या आट्याला पंच्याहत्तर ते ऐंशी ग्रॅम लागू शकते. गाझियाबादसारख्या शहरात, जेथे गल्लोगल्ली आटाचक्की आहे, परदेशी पाककृती तंतोतंत पाळून केलेला ब्रेड विटेसारखा निघतो, त्याचे एक मोठे कारण हेच. दोष हाताचा नसून पाण्याच्या मापाचा असतो.

तिसरा घटक मीठ. त्याचे प्रमाण किती स्थिर राहिले आहे, हे पाहण्यासाठी सोळाव्या शतकापर्यंत मागे जाता येते. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त शाही भटारखान्यातील मोठ्या रोटीचे माप दिले आहे. दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ. म्हणजे मीठ पिठाच्या अडीच टक्के. आजची बेकरी दोन टक्क्यांच्या आसपास मीठ घालते. सव्वाचारशे वर्षांत एवढाच काय तो फरक! चव हे याचे एक कारण. दुसरे कारण प्रथिनांच्या रेणूंवरील विद्युत्‌भारात आहे. समान भारांमुळे हे रेणू एकमेकांना दूर लोटतात. मिठातील आयन त्या भारांना झाकतात, रेणू जवळ येतात आणि जाळे घट्ट विणले जाते. शिवाय मीठ यीस्टचा वेग आवरते. मीठ विसरलेला ब्रेड नुसता अळणी लागत नाही. त्याची कणीक चिकट होते, भराभर फुगते आणि भट्टीत खाली बसते.

चौथा घटक आंबवण. सुरीने कापल्यावर ब्रेडमध्ये दिसणारी छिद्रे हे त्याचेच काम. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. गव्हाच्या पावाची सवय घेऊन आलेल्या त्या लोकांना येथे युरोपातले आंबवण मिळेना. उत्तर माडाच्या झाडावर सापडले. माडाची सूर काढल्यापासून काही तासांतच आपोआप आंबू लागते, कारण हवेतले, झाडावरचे आणि मडक्यातले यीस्ट व जिवाणू तिच्यातील साखरेवर तुटून पडतात. गोव्याच्या पोदेरांनी ही सूर पिठात घातली आणि पाव फुगला. सासष्टीतून निघालेली ही विद्या पुढे गोवेकर बेकऱ्यांबरोबर मुंबईस पोहोचली.

सुरीत नेमके काय आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. लेव्हेनहुकने १६८० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचे गोळे पाहिले होते, पण ते सजीव आहेत हे त्याने ओळखले नाही. १८३० च्या दशकात कान्यार द ला तूर आणि थिओडोर श्वान यांनी स्वतंत्रपणे यीस्ट हा सजीव असल्याचे दाखवले. पाश्चरने १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून आंबण्याची क्रिया ही जीवाची क्रिया असल्याचे प्रयोगांनी पक्के केले. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी फोडून काढलेला रससुद्धा साखर आंबवतो असे दाखवले आणि त्यासाठी त्याला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे गोव्याचा पोदेर जवळपास साडेतीनशे वर्षे ज्या जिवावर विसंबून होता, त्याची ओळख पटेपर्यंत एकोणिसावे शतक सरत आले होते.

यीस्टच्या कामाचा हिशेब मांडता येतो. दहा ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान सुमारे पावणेतीन लिटर भरते. अर्धा किलो पिठाचा गोळा फुगवायला एवढे पुष्कळ झाले. मात्र एक बाब सहसा ध्यानात येत नाही. यीस्ट स्वतः नवे बुडबुडे निर्माण करत नाही. मळताना कणकेत हवेचे जे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, त्यांतच हा वायू विरून जातो आणि त्यांना मोठे करतो. मळणे कमी पडले तर यीस्ट कितीही घातले तरी ब्रेड बारीक आणि एकसारख्या जाळीचा होत नाही. पुढे भट्टीत साठ अंशांच्या सुमारास यीस्ट मरते, स्टार्च पाणी पिऊन घट्ट होऊ लागतो, प्रथिने ऐंशी अंशांपर्यंत कडक होतात आणि बुडबुड्यांचे जाळे कायमचे थिजते. पाव म्हणजे असा थिजलेला फेस.

या चौघांना एकत्र यायला वेळ लागतो. ग्लुटेनचे जाळे विणले जायला वेळ लागतो. आम्ले आणि सुगंधी द्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो. इतकेच नव्हे, तर ताजे दळलेले पीठही काही आठवडे ठेवावे लागते. त्या काळात हवेतील ऑक्सिजन प्रथिनांमधील गंधकयुक्त गटांवर हळूहळू काम करतो. दोन गंधक-अणू एकमेकांना जोडले जातात, रेणूंमध्ये पूल बांधले जातात आणि पीठ बळकट होते. खरा पाचवा घटक हा वेळच होता. पाककृतीत तो लिहिलेला असतो, पण दुकानात विकत मिळत नाही.

कारखान्याला परवडत नाही तो हाच घटक. गोदामात पडून राहिलेले पीठ म्हणजे अडकलेले भांडवल आणि तासन्‌तास फुगत बसलेली कणीक म्हणजे अडलेली जागा. १९१० च्या दशकात अमेरिकेत यावर तोड निघाली. पोटॅशियम ब्रोमेट हे ऑक्सिडीकारक आहे. हवेला ज्या कामाला आठवडे लागतात, ते काम ते कणीक फुगताना आणि भट्टीच्या पहिल्या मिनिटांत उरकते. पिठाच्या लाखो भागांत मोजके भाग घातले की ब्रेड उंच, पांढरा आणि मऊ निघतो. १९६१ मध्ये इंग्लंडमधील चॉर्लीवुड येथील संशोधन संस्थेने वेळेवर दुसरा घाव घातला. अतिवेगवान यंत्रात प्रत्येक किलो कणकेला सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा देऊन काही मिनिटांत मळणी संपवायची आणि सोबत ऑक्सिडीकारक घालायचे, अशी ती पद्धत. तासांची पहिली फुगवण तिने जवळपास रद्द केली. भारतात १९६५ मध्ये कोलंबो योजनेच्या साह्याने सरकारी ‘मॉडर्न बेकरीज’ उभ्या राहिल्या आणि कागदात गुंडाळलेला, कापून ठेवलेला ब्रेड मध्यमवर्गाच्या न्याहारीत आला. उत्तरेत ‘डबलरोटी’ म्हणून आधीच ओळखीचा असलेला हा पदार्थ आता पाहुण्यापुरता राहिला नाही.

ब्रोमेटच्या बाजूने एक युक्तिवाद होता आणि तो निराधार नव्हता. भट्टीच्या उष्णतेत ब्रोमेटचे रूपांतर निरुपद्रवी ब्रोमाइडमध्ये होते, तेव्हा तयार ब्रेडमध्ये काही उरतच नाही, असा तो युक्तिवाद. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो खरा आहे, पण मात्रा अचूक असेल, भट्टी पुरेशी तापलेली असेल आणि भाजणे पूर्ण झाले असेल तरच. प्रत्येक बेकरीत, प्रत्येक घाण्याला हे तिन्ही जुळतेच असे नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी उंदरांना पाण्यातून ब्रोमेट दिले तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात गाठी आढळल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या ‘२-ब’ गटात टाकले. ब्रिटनने १९९० मध्ये आणि कॅनडाने १९९४ मध्ये त्यावर बंदी घातली. भारताने २०१६ पर्यंत वाट पाहिली.

या गोष्टीत गाझियाबादचे स्थान वेगळे आहे. १७४० मध्ये वसवलेले हे शहर आज राजधानी परिसराचा भाग आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळापासून देशात ज्या चार केंद्रीय अन्नप्रयोगशाळा होत्या, त्यांपैकी एक येथे आहे. उरलेल्या कोलकाता, म्हैसूर आणि पुणे येथे. गाझियाबादची प्रयोगशाळा आता राष्ट्रीय अन्नप्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. अन्नसुरक्षेच्या कायद्यात दोन प्रयोगशाळांचे अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत, तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अंतिम मानला जातो. पावात काय आहे, या वादाचा शेवट करण्याचा अधिकार जातपंचायतीकडून, अफवेकडून आणि जाहिरातीकडूनही निघून अशा इमारतींकडे आला आहे. पंचहौदच्या वादात दोन्ही पक्षांना मान्य होईल असे कोणतेही माप नव्हते. ब्रोमेटच्या वादात ते होते.

हे माप किती साध्या तत्त्वावर उभे राहू शकते, ते पाहण्यासारखे आहे. पिठावर पोटॅशियम आयोडाइडचे आम्लयुक्त द्रावण शिंपडले की ब्रोमेट किंवा आयोडेट असलेल्या जागी आयोडिन मोकळे होते आणि पिठातीलच स्टार्चशी मिळून काळे-निळे ठिपके उमटवते. म्हणजे पीठ स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देते. नेमका आकडा काढायला अधिक सूक्ष्म उपकरणे लागतात; पण ‘आहे की नाही’ एवढे डोळ्यांना दिसते.

बंदीनंतर काय घडले? पाव बाजारातून नाहीसा झाला नाही. ब्रेड उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेने तर अहवालानंतर लगेचच, बंदीच्या आधी, या रसायनांचा वापर थांबवण्याचे जाहीर केले होते. त्यांच्या जागी ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, आणि विकरे होतीच. जगातील अनेक देश ती आधीपासून वापरत होते. ज्या घटकाशिवाय चालणारच नाही असे वाटत होते, त्याच्याशिवाय दुसऱ्या दिवशीही वडापाव मिळाला. ब्रोमेटचे नेमके काम माहीत होते, म्हणूनच त्या कामाला दुसरा, कमी धोक्याचा गडी नेमता आला. ते माहीत नसते, तर हाती दोनच पर्याय उरले असते : पावच सोडणे किंवा डोळे मिटून खाणे.

घरच्या ब्रेडला मात्र यांपैकी कशाचीच गरज पडत नाही, कारण घरात वेळ उपलब्ध असतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने माणसे घरात कोंडली, तेव्हा अनेक देशांतील दुकानांतून यीस्ट संपले. लोकांनी पीठ आणि पाणी कालवून दिवसेंदिवस आंबवत ठेवले आणि पोदेराच्या मडक्यात जे घडत असे ते आपल्या बरणीत घडताना पाहिले. इडलीचे पीठ आंबवणाऱ्या घराला यात नवल ते काय! गाझियाबादच्या जानेवारीत, रात्रीचा पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा, कणीक फुगायला मुंबईच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. जूनमध्ये तीच कणीक तासाभरात भांड्याबाहेर येते. तापमान दहा अंशांनी उतरले की यीस्टचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो, एवढे ठाऊक असले की घड्याळाऐवजी कणकेकडे पाहण्याची सवय लागते. थंडीत वाढलेला तो वेळ वाया जात नाही. त्याच वेळात आम्ले आणि सुगंध तयार होतात.

विकतचा ब्रेड घेणाऱ्यालाही आता विचारण्याची सोय आहे. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. त्यात ‘आयएनएस ३००’ असेल तर ते ॲस्कॉर्बिक आम्ल. ‘९२४ अ’ हा ब्रोमेटचा क्रमांक. तो भारतात आता दिसता कामा नये. यादीतील बाकीच्या प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न ठेवावा : हा पदार्थ येथे कोणते काम करतो आणि ते काम वेळाने झाले नसते काय?